दिव्यांसाठी अडवलेलं पाणी

५ ऑक्टोबर

आत्या,

फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू स्वतः बनवतेस, म्हणून ठरल्याप्रमाणे मेलवर लिहीत आहे. झेरॉक्सवाल्याला सांग, अक्षरं मोठी करून छापायची. त्याला वाचायचंच असेल तर निदान आधी तुला वाचू द्यावं.

पोहोचून पंधरा दिवस झाले. धरण मातीचं आहे, साठ वर्षांचं. त्याच्या पोटात चौदा नळ्या उभ्या सोडल्या आहेत आणि प्रत्येकीच्या तळाशी मी एकेक सेन्सर बसवला आहे. आत मुरलेल्या पाण्याची पातळी तो मोजतो. मातीचं धरण थोडं पाझरतंच. ते मर्यादेत आहे ना, एवढंच बघायचं. कंट्रोल रूममध्ये आम्ही तिघं: मी, साहेब आणि दरवाजेवाला. दरवाजेवाला धरणाचे दरवाजे उघडतो, बंद करतो आणि मधल्या वेळात मला माझ्या वयाच्या लोकांनी कसं जगावं ते सांगतो.

कामात एकच कुरबुर आहे. नऊ नंबरच्या नळीचा आकडा रोज दोन सेंटीमीटरने वाढतो. धरणातलं पाणी वाढलेलं नाही, बाकीच्या तेरा नळ्या जागच्या जागी आहेत, आणि हा एकटा पट्टीने आखल्यासारखा सरळ वर चालला आहे. खरं पाणी असं चढत नाही, ते खालीवर होतं. म्हणजे सेन्सर सरकतो आहे, नव्या सेन्सरचं होतं तसं. मी काल यंत्राला सांगून ठेवलं, की रोज सकाळी सहाला नऊ नंबर पुन्हा पहिल्या आकड्यावर आणायचा. आता रेघ आडवी आहे. साहेब खूष आहेत.

राहायची खोली धरणाखालच्या गावात आहे, नदीवर. घरमालकीण एकटी असते. तिची मुलगी गेल्या वर्षी गेली. कशाने, ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. इथे १८ तारखेला कंदिलांचा सण असतो. वर्षभरात ज्यांच्या घरातलं माणूस गेलं ते फळीवर कागदी कंदील ठेवून नदीत सोडतात, आणि सगळं गाव पायऱ्यांवर उभं राहतं. कंदील वाहून जाता कामा नये. पायऱ्यांसमोरच जळून विझला पाहिजे, नाहीतर माणूस घर विसरतं असं मानतात. म्हणून आधी तीन दिवस धरणाचे दरवाजे बंद ठेवतात. पाणी थांबतं आणि पायऱ्यांसमोर डोह होतो. तीन दिवसांत धरण किती भरेल आणि ते चालेल का, हे यंदा माझ्या आकड्यांवर ठरणार होतं. मी आकडे दिले, परवानगी मिळाली. घरमालकिणीने मला सणाला यायला सांगितलं आहे. जाईन.

तब्येत ठीक. जेवते. हे तू विचारणार, म्हणून आधीच.

तुझी
मोजपट्टी

---

८ ऑक्टोबर

मोजपट्टीबाई,

पत्र दोन पानं आणि त्यात स्वतःबद्दल ओळ एक. ती पण मी विचारीन म्हणून. लहानपणी ताप आला तरी तू आधी आकडा सांगायचीस आणि मग रडायचीस. तेव्हापासून मी तुझ्या आकड्यांना घाबरते.

हा दरवाजेवाला कोण? दोनदा आलाय पत्रात. वय काय? घरी कोण कोण? मी नुसतं विचारते आहे. तुझा बाप माझ्यामागे लागतो की तूच विचार, तुला ती सांगते. मला तू काय डोंबल सांगतेस.

तुझी ती घरमालकीण बरी बाई दिसते. विचारायचं नाही हे बरोबर, पण बाजूला बसावं माणसाने. कंदील करताना खळ लावायला तरी हात लाव.

आता तुझ्या कामातलं. मला काही कळत नाही हे धरून चाल. चाळीस वर्षं मी वॉर्डात काढली. थर्मामीटर बिघडलंय असं वाटलं की आम्ही दुसरं लावून बघायचो. दोन्ही सारखं सांगत असतील तर पेशंटला ताप आहे. तू नऊ नंबरला दुसरं लावून बघितलंस का? पत्रात तसं कुठे दिसलं नाही, म्हणून विचारलं. झेरॉक्सवाला पण म्हणाला, "हो ना आत्या, मलाही तेच वाटलं." त्याला म्हटलं, तू तुझी शाई बघ.

आत्या

---

१० ऑक्टोबर

आत्या,

दरवाजेवाल्याचं वय एकसष्ट. नातवंडं चार. बाबांना कळव.

नऊ नंबरचं तू विचारलंस. ते प्रकरण मिटलं आहे.

घरमालकिणीला काल मदत केली. बांबूच्या कामट्या सारख्या लांबीच्या कापून दिल्या, अठ्ठावीस सेंटीमीटर. ती म्हणाली, "इतकं मोजू नकोस, थोडा वाकडा असला की तो आपला ओळखू येतो." तिच्या मुलीच्या वहीची पानं कंदिलाला लावली आहेत, अक्षरं आतून दिसतील अशी. गणिताची वही आहे. एक उदाहरण चुकलेलं आहे. मी ते तसंच राहू दिलं.

दरवाजे १५ तारखेला बंद होतील. गावात सगळीकडे खळीचा वास आहे.

काम वाढलं आहे. पुढचं पत्र कदाचित उशिरा येईल.

मोजपट्टी

---

१३ ऑक्टोबर

पोरी,

"प्रकरण मिटलं आहे." तू असं कधी लिहीत नाहीस. तू लिहितेस काय केलं, कसं केलं, किती वाजता केलं. मी वाक्य चार वेळा वाचलं. झेरॉक्सवाल्याने तर वाचून मान हलवली आणि पानाचे पैसे घेतले नाहीत.

तुला एक सांगायचं आहे. मी गुडघ्यांमुळे नोकरी सोडली असं घरात सगळे म्हणतात. मीच तसं पसरवलं.

अकरा नंबरच्या खाटेवर एक बाई होती, सकाळीच ऑपरेशन झालेलं. बारा वाजता मी नाडी मोजली, एकशे वीस. त्याआधी चौऱ्याऐंशी होती. मला वाटलं घाईत चुकून मोजली. दोन वाजता चार्ट भरताना दोन्ही रकान्यांत मी चौऱ्याऐंशी लिहिलं. दोनला मोजलीच नाही. साडेतीनला तिच्याकडे बघितलं आणि मला कळलं. रंगावरूनच कळलं, आतून रक्त जात होतं. डॉक्टरांना हाक मारायची तर आधी सांगावं लागणार होतं की चार्ट खोटा आहे. मेट्रनबाई तेव्हा वॉर्डात होत्या, चार शिकाऊ मुली बरोबर होत्या. त्यांच्यासमोर त्या मला बोलतील, या भीतीने मी थांबले. त्या एकट्या होईपर्यंत थांबले. वीस मिनिटं.

बाई गेली. लगेच सांगितलं असतं तर वाचली असती असं कोणी छातीठोक म्हणू शकत नाही. मला कोणी दोष दिला नाही. चौकशीत काही विचारलंसुद्धा नाही, कारण माझा कागद स्वच्छ होता. त्यानंतर मी चार महिने तो वॉर्ड केला आणि मग माझे गुडघे दुखायला लागले.

हे तुझ्या बापाला माहीत नाही. आता झेरॉक्सवाल्याला माहीत आहे, कारण स्कॅन तोच करतो. असू दे.

तुला काय झालंय ते मला माहीत नाही. मला कळवायची घाई करू नकोस. ज्याला सांगायला पाहिजे त्याला सांग.

आत्या

---

१८ ऑक्टोबर, दुपारी दीड

आत्या,

तुझं पत्र १४ लाच मिळालं होतं. म्हणजे माझ्याजवळ चार दिवस होतं.

तुझ्या प्रश्नानंतर, १० तारखेला सकाळी, मी नऊ नंबरच्या नळीत हाताने टेप सोडली. टेपच्या टोकाला पाणी लागलं की ती वाजते. साधं काम आहे, पाच मिनिटांचं. मी ते आधी केलं नव्हतं, कारण सेन्सर माझा होता आणि सेन्सर कसे सरकतात हे मला माहीत होतं. यंत्रापेक्षा पाणी चाळीस सेंटीमीटर वर होतं. वीस दिवस, रोज दोन सेंटीमीटर. सेन्सर अगदी बरोबर होता. मी जे पुसत होते ते पाणी होतं.

त्याच दुपारी मी तुला लिहिलं की प्रकरण मिटलं आहे.

पन्नासला भोंगा वाजतो असं यंत्रात घातलेलं आहे. पण यंत्र रोज सकाळी सहाला नऊ नंबर शून्यावर आणतं, मीच तसं सांगितल्यामुळे. त्यामुळे ते पन्नासला कधीच पोहोचणार नाही. दरवाजे बंद झाल्यापासून आकडा दिवसाला सात सेंटीमीटर चढतो आहे. आज सकाळी टेपने एकाहत्तर.

धरणाच्या पायथ्याशी एक हौद आहे, पाझराचं पाणी त्यात जमतं. मी रोज एक बाटली भरून खिडकीत ठेवते. कालपर्यंत सगळ्या स्वच्छ होत्या. आजच्या बाटलीत तळाला गाळ बसला आहे, तीन मिलिमीटर. पाणी मातीतून वाट काढतं तेव्हा स्वच्छ असतं. माती घेऊन यायला लागलं की वाट रुंद होत असते.

आज अकरा वाजता साहेबांना एक पान दिलं. चूक माझी, तारखेसकट. त्यांनी वाचलं आणि विचारलं, "आज दोन हजार माणसं पायऱ्यांवर येणार आहेत. आणि तुला आज आठवलं?"

"आठवलं नाही. दहा तारखेपासून माहीत आहे."

"मग आणखी एक दिवस काय होतंय? रात्री नऊला कंदील विझले की दरवाजे उघडतोच आहोत." त्यांनी पानाची घडी घातली. "हे मला सोमवारी दे. मी सोमवारी वाचीन."

मुख्य कार्यालयात पाठवलं. सुट्टी आहे.

दरवाजेवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "साहेबांची सही आण, नाहीतर भोंगा वाजू दे. भोंगा वाजला की दहा मिनिटांनी दरवाजे उघडायचे, त्याला कोणाची सही लागत नाही. तुझ्या शब्दावर मी गावाचे कंदील बुडवले तर मला इथे म्हातारं व्हायला जागा उरणार नाही." 

कंदील सहा वाजता सोडतात. खाली घरमालकीण तिच्या कंदिलाची वात पुन्हा पुन्हा तपासते आहे. मी साडेपाचला कंट्रोल रूममध्ये जाणार आहे.

मोजपट्टी

---

२० ऑक्टोबर

पोरी,

दोन दिवस झाले. झेरॉक्सवाल्याने सकाळपासून पाच वेळा मेल उघडून बघितला. मी दुकानातच बसून आहे. त्याने स्टूल दिलं आहे. तुझ्या बापाला अजून काही सांगितलेलं नाही. फोन लावला तर कोणी बाई काहीतरी बोलते आणि बंद होतो. ती कंपनीची बाई आहे की तुझी घरमालकीण तेही मला कळत नाही.

एक ओळ लिही. आकडा लिहिलास तरी चालेल.

आत्या

---

२१ ऑक्टोबर

आत्या,

मी ठीक आहे. सर्व माणसं ठीक आहेत. एका म्हाताऱ्याचं मनगट मोडलं.

क्रमाने लिहिते. शनिवारी पाच पन्नासला मी यंत्रातली माझी सूचना काढून टाकली. बाकी कशाला हात लावला नाही. नऊ नंबर पडद्यावर शून्यावरून एकाहत्तरवर गेला आणि भोंगा वाजला. साहेब खाली पाहुण्यांबरोबर होते. दरवाजेवाला माझ्याकडे बघत होता. मग त्याने घड्याळाकडे बघितलं आणि दहा मिनिटं बघत राहिला. एकदाच म्हणाला, "घाई झाली असती तर बरं झालं असतं. निदान विचार करायला लागला नसता."

पायऱ्यांवरची माणसं वर पळाली. भोंगा वाजायच्या आधीच काही घरांनी कंदील सोडले होते, सहा वाजायची वाट न बघता. साठ-सत्तर असतील. दरवाजे चार बोटंच उघडले, तरी डोह हलला. कंदील आधी गोल फिरले, मग रांगेने खालच्या बुटक्या बांधावरून गेले. चार मिनिटं लागली. काही बांधापलीकडेही जळताना दिसत होते. घरमालकिणीने तिचा सगळ्यांत आधी सोडला होता. वाकडा होता, म्हणून ओळखू येत होता.

धरण फुटलं नाही.

सकाळी सगळं गाव बघायला आलं. वर गवत होतं तसंच हिरवं. एक माणूस त्यावर दोनदा उडी मारून मला म्हणाला, "हललं का?" लोक हसले. मी जागेवर उभी राहून ऐकून घेतलं.

धरणातलं पाणी एक मीटर उतरवलं आहे. नऊ नंबर फक्त सहा सेंटीमीटर उतरला. काल बाटलीत गाळ चार मिलिमीटर होता. हे दोन आकडे मी साहेबांना दिले. ते म्हणाले, "तुझेच आकडे खोटे होते हे तूच लिहून दिलंस. आता हे खरे कशावरून?"

हा प्रश्न रास्त आहे. मी त्यावर दोन दिवस विचार करते आहे.

मला कामावरून काढलं आहे. नवा माणूस काल आला. सभ्य आहे, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. त्याने माझी सगळी नोंद वाचली, नऊ नंबरची सरळ रेघ बघितली आणि म्हणाला, "हे तर सरळसरळ सेन्सरचं सरकणं आहे." मी म्हटलं टेप सोडून बघा. म्हणाला बघतो. त्याने नऊ नंबर पुन्हा शून्यावर आणून ठेवला आहे.

गावाने ठरवलं आहे, की सण झालाच नाही. येत्या शनिवारी, २५ ला, कंदील पुन्हा सोडणार. दरवाजे उद्या बंद होतील. माझं विमान २६ ला सकाळी आहे.

घरमालकीण माझ्याशी बोलत नाही. चहा दाराबाहेर ठेवते.

मोजपट्टी

---

२२ ऑक्टोबर

पोरी,

पत्र झेरॉक्सवाल्याने न वाचता घडी घालून दिलं. पहिल्यांदाच.

आठ दिवस घेतलेस. ते मी विसरणार नाही आणि तूही विसरू नकोस. पण तू सांगितलंस, आणि लोक तुझ्यावर हसत असताना उभी राहिलीस. मला ते जमलं नाही. मी मेट्रनबाईंच्या आवाजाला घाबरले, आणि त्या काही फार मोठ्याने बोलायच्या नाहीत.

आता ऐक. तुझं सगळ्यांना सांगून झालं आहे. वर सांगितलंस, खाली सांगितलंस, लिहून दिलंस. त्या नव्या माणसाचं त्याच्यापाशी. तिकीट अलीकडचं मिळतं का बघ. पैसे तुझा बाप देईल, त्याला काय सांगायचं ते मी बघते. शनिवारी तू त्या नदीजवळ असायचं काही कारण नाही. हे तुला आत्या सांगत नाही, चाळीस वर्षं माणसं बघितलेली नर्स सांगते. ज्याचं त्याने ऐकलं नाही की बाजूला व्हायचं असतं.

घरी ये. मी काही विचारणार नाही. बाजूला बसेन.

आत्या

---

२५ ऑक्टोबर, दुपारी तीन

आत्या,

तिकीट अलीकडचं मिळत होतं. काढलं नाही. हे आधी सांगते, म्हणजे पुढचं वाचताना तू त्याची वाट बघणार नाहीस.

मला धरणावर जायला बंदी आहे. दरवाजेवाला रोज सकाळी स्वतः टेप सोडतो आणि घरमालकिणीला पाव आणून देताना हौदातल्या पाण्याची एक बाटली आणि कागदावर लिहिलेला आकडा तिच्याकडे ठेवतो. नव्या माणसाला तो दाखवतो का, विचारलं. म्हणाला, "दाखवला. तो म्हणाला तुमच्या टेपचा सेल उतरला असेल. मी सेल बदलला. मग म्हणाला तुमचा हात हलत असेल. हाताचा सेल मिळत नाही." आजचा आकडा त्र्याऐंशी.

कागद घरमालकिणीच्या हातून येतात, त्यामुळे तिने ते वाचले असणार. आज सकाळी तिने चहा दाराबाहेर ठेवला नाही. आत घेऊन आली आणि खिडकीतल्या बाटल्यांकडे बघत उभी राहिली. आता अकरा आहेत. गाळ डावीकडून उजवीकडे चढत जातो, शेवटच्या बाटलीत बोटभर आहे.

"ही आजची?" तिने विचारलं.

"हो."

"मी संध्याकाळी कितव्या पायरीवर उभी राहू?"

मी म्हटलं, "कुठल्याच नाही. पलीकडच्या टेकडीवर."

"टेकडीवरून कंदील दिसत नाही."

मी म्हटलं, "नाही दिसत." ती खाली गेली. बराच वेळ कात्रीचा आवाज येत होता. मुलीच्या वहीची उरलेली पानं होती, त्यांचा तिने दुसरा कंदील केला आहे.

मी खाली गेले आणि तिला सांगितलं, की टेकडीवरून कंदील दिसत नाही पण धरणाचा पायथा पूर्ण दिसतो, आणि गावात ती जागा बघणारं आज कोणीच नाही. हौदाच्या वरच्या बाजूला गवत ओलं होऊन काळं दिसायला लागलं, किंवा तिथून पाण्याची धार निघाली, तर टॉर्च दरवाजेवाल्याच्या खिडकीवर मारायचा. भोंगा हाताने फिरवूनही वाजवता येतो. तो म्हणाला आहे, घरमालकिणीचा टॉर्च दिसला तर तो कोणाला न विचारता भोंगा फिरवेल. माझ्यासाठी नाही म्हणाला. तिला तो लहानपणापासून ओळखतो.

"आणि कंदील?" तिने विचारलं.

मी म्हटलं, तो मी सोडते.

तिने माझ्याकडे बघितलं. तू थर्मामीटरकडे बघायचीस तसं. मग तिने मला शिकवलं. फळी पाण्यावर ठेवायची, ढकलायची नाही, तळहात खाली धरून हळूच काढून घ्यायचा. तो आपल्यापासून लांब जायला लागला तर हात पुढे करायचा नाही. विझेपर्यंत पायऱ्या सोडायच्या नाहीत. मी विचारलं, विझायला किती वेळ लागतो. म्हणाली, "तीन तास. वात लहान केली तर दोन." मग स्वतःच म्हणाली, "लहान नको करू."

आत्या, तू लिहिलंस ज्याचं त्याने ऐकलं नाही की बाजूला व्हायचं. मी त्यावर विचार केला. आठ दिवस मी बाजूलाच होते. पायऱ्यांवरच्या लोकांना मी आज काही सांगणार नाही, ते ऐकणार नाहीत. पण मी सगळ्यांत खालच्या पायरीवर असेन. भोंगा वाजला आणि मीच वर पळाले, तर माझ्यामागे पळतील. तेवढं तरी माझं बघून करतील.

बाटल्या आणि सगळे कागद तारखेप्रमाणे लावून घरमालकिणीच्या पिशवीत दिले आहेत. ती ते टेकडीवर घेऊन जाईल. बाबांना तू जे ठरवशील ते सांग.

पायऱ्यांपासून टेकडीच्या वाटेपर्यंत चौऱ्याण्णव पावलं आहेत. आज दोनदा मोजली, एकदा चालत आणि एकदा पळत. धरणापासून पायऱ्यांपर्यंत पाणी यायला किती वेळ लागेल, तेही मी काढलं आहे. ते इथे लिहीत नाही.

मोजपट्टी